हॉटेलात राहायला?

सातारा-सांगलीकडे 'हॉटेल' म्हणजे जिथे चहा, भजी आणि मिसळ मिळते ती जागा. हॉटेलात जातात, बसतात, उठतात. राहत नाहीत. राहायचं असेल तर लॉज, आणि लॉजवर उतरलो असं चारचौघांत मोठ्यानं कुणी सांगत नाही. त्यामुळे आमच्या मातोश्रींनी विश्रामबागेतल्या शेजारणीला "या खेपेला मुंबईत हॉटेलात राहणार" असं सांगितलं, तेव्हा ती माउली काळजीनं म्हणाली, "का हो, डोंबिवलीच्या वन्सं गावाला गेल्यात का?"

तर मुद्दा तोच होता. वन्सं, म्हणजे माझी आत्या, डोंबिवलीतच होती. गेली पन्नासेक वर्षं आमच्या घरातला माणूस मुंबईत उतरला तो तिच्याकडेच. मंत्रालयातली कामं, केईएममधली तपासणी, माझा पहिला इंटरव्ह्यू, सगळं तिच्या दीड खोलीतून झालं. आणि आता आईबाबांच्या लग्नाला 45 वर्षं झाली म्हणून अस्मादिकांनी कुलाब्याच्या ताजमध्ये, तेही जुन्या इमारतीत, खोली घेतली होती. एका रात्रीचं भाडं माझ्या वालचंदच्या पहिल्या वर्षाच्या फीपेक्षा जास्त. (हे तीर्थरूपांना अजून माहीत नाही. ते इकडे फिरकत नाहीत, म्हणून लिहितोय.) मी त्यांच्याच खोलीत जादा गादीवर. आयटीत असलो म्हणून काय झालं, दोन खोल्या म्हणजे दोन खोल्या!

फोनवर आत्या एवढंच म्हणाली, "बरं. माझं घर मोडलंय असं कुणी सांगितलं का दादाला?" आणि फोन ठेवला. बाबा गप्प. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की बुकिंग मी नाही, तिच्या सासरच्या कुणीतरी मुद्दाम केलंय.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. ते पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. धोम, कण्हेर, शेवटी म्हैसाळ. घराबाहेर राहणं म्हणजे सरकारी विश्रामगृह. उंच छत, लांब हातांची आरामखुर्ची, एक खानसामा आणि एक रजिस्टर. खोली मिळायची ती साहेबांच्या चिठ्ठीवर, आणि तुमच्यापेक्षा मोठा कुणी आला की सोडायची. एकदा सातारा जिल्ह्यातल्या अशाच एका बंगल्यावरून त्यांना रात्री साडेअकराला उठवलं होतं, कारण कुणा मंत्र्यांचा ताफा वाट वाकडी करून आला. बाबांनी उरलेली रात्र जीपमध्ये काढली. हा किस्सा ते नेहमी हसत सांगतात. पण ताजच्या खोलीत शिरल्यावर त्यांनी बॅग उघडलीच नाही. दाराजवळ, भिंतीला टेकवून ठेवली. टॉवेल, औषधं, लागेल ते एकेक काढायचं आणि चेन परत लावायची. "असू दे तिथंच, बरं असतं." कशाला बरं, ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं.

संध्याकाळी आम्ही हॉटेल बघायला निघालो. बघायला म्हणजे बाबांनी तपासायला. सगळ्यात जास्त वेळ गेला तो मधल्या मोठ्या जिन्यात. घुमटाखाली चारही बाजूंनी वर चढत जाणारा, भिंतीत एका टोकाला धरलेला आणि खाली आधार नसलेला हा जिना. बाबा कठड्यावर हात ठेवून खालून वर, वरून खाली पाहत राहिले. "कॅंटिलिव्हर. 1903 साली." मग बराच वेळ काही नाही.

हे हॉटेल 16 डिसेंबर 1903 ला उघडलं. म्हणजे ज्या गेटवेसमोर ते आहे असं आपण म्हणतो, तो गेटवे त्याच्यानंतर 21 वर्षांनी, 1924 मध्ये पुरा झाला. ताज बांधताना समोर नुसता समुद्र होता. मूळ दार समुद्राकडे नव्हतंच, शहराच्या बाजूला होतं, जिथे आज पोहण्याचा तलाव आहे. यावरूनच ती प्रसिद्ध कंडी पिकली, की वास्तुविशारदाचा नकाशा उलटा धरून इमारत बांधली गेली आणि हे पाहून त्यानं जीव दिला. मी ही गोष्ट बाबांना हौसेनं सांगायला गेलो. ते जे भडकले!

"कोण होता वास्तुविशारद?"

सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा. वैद्य काम पुरं व्हायच्या आधीच वारले आणि पुढचं काम चेंबर्स नावाच्या इंग्रज वास्तुविशारदानं नेलं. आत्महत्या वगैरे काही नाही. हे सगळं मी तिथेच फोनवर पाहून वाचून दाखवलं.

"मग? माणूस कामावर असताना गेला, आणि लोकांनी काय लक्षात ठेवलं? उलटा नकाशा! अरे, पाया आखताना शंभर माणसं उभी असतात, मुकादम असतो, ओळंबा असतो. इमारत उलटी व्हायला ती काय बनियन आहे?"

त्यांच्या खात्याच्या कामांबद्दलही लोक अशाच गोष्टी सांगतात, ते त्यांना कुठेतरी लागलेलं असणार. असो.

26/11 ची आठवण तिथे टाळता येत नाही. गेलेल्यांची नावं कोरलेली आहेत. बाबांनी चष्मा लावून ती सगळी वाचली, आई हात जोडून उभी राहिली. ही जुनी इमारत त्यानंतर थेट 15 ऑगस्ट 2010 ला पाहुण्यांसाठी पुन्हा पूर्णपणे उघडली. 2011 च्या डिसेंबरात रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये त्या रात्रीच्या कर्मचाऱ्यांवर लेख लिहिला होता. त्यात एक गंमतीची गोष्ट आहे: हा समूह मुद्दाम लहान गावांतली पोरं घेतो, आणि निवडताना वडीलधाऱ्यांबद्दलचा आदर, हसरा स्वभाव आणि घरच्याला पगाराची किती गरज आहे हे बघतो. आमच्या कंपनीत मी इतके इंटरव्ह्यू घेतले, पण या तीनपैकी एकही रकाना आमच्या फॉर्मात नाही. तिसरा रकाना वाचून मला जरा कसंतरीच झालं होतं, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी आत्याला चहाला बोलावलं. सी लाउंजमध्ये, पहिल्या मजल्यावर. येते की नाही अशी धाकधूक होती. आतोबांचे गुडघे धड नाहीत, ती एकटीच लोकलनं आली. हातात पिशवी. खिडकीपाशी बसली आणि बाहेर बोट दाखवून म्हणाली, "तिथं. त्या कट्ट्यावर. सांगलीहून आलेल्या प्रत्येकाला मी तिथं बसवून शेंगा चारल्यात. तुलाही. पाठ कायम इकडं." रस्ता ओलांडायचं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं म्हणे.

चहा घेऊन आलेला मुलगा आमचं बोलणं ऐकत असावा. हळूच विचारलं, "सर, सातारा का सांगली?"

"दोन्ही," बाबा म्हणाले. "तू?"

"माण."

झालं. बाबांनी कप खाली ठेवला. "उरमोडीचं पाणी येतं का तुमच्याकडं?" आणि त्या पोराची ती सगळी घोटीव अदब क्षणात गळून पडली. "येतं की! पण आमची वाडी टेलला हाय वं साहेब, आवर्तन सुटलं तरी आमच्यापातुर निम्मंच." बाबांनी नॅपकिनवर कालवा काढायला घेतला. कापडी होता, आईनं वेळेवर ओढला.

आणि मग बिलाची वेळ झाली. आत्यानं पर्स उघडली. "माझ्या गावात तू पाहुणा आहेस दादा. बिल मी देणार." मी सांगितलं की ते खोलीच्या हिशेबात गेलं. ती माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाली, "म्हणजे आता मी तुझ्याकडं पाहुणी?"

बाबांना उत्तर सुचेना. आई मात्र म्हणाली, "वन्सं, पिशवीत काय आणलंय ते तरी काढा."

पिशवीत सांज्याच्या पोळ्यांचा डबा होता. त्याखाली नारळ, खण आणि तांदळाची पुडी. लग्नाचा वाढदिवस म्हणून वहिनीची ओटी भरायची, मग ते डोंबिवली असो की कुलाबा. कुंकू पर्समध्ये होतंच. आजूबाजूला परदेशी मंडळी, पियानो चालू, आणि आमची आत्या उभी राहून पदर सारखा करतेय. माणचा तो मुलगा न सांगता एक रिकामी ताटली घेऊन आला आणि नारळ ठेवायला टेबलावरची फुलदाणी बाजूला सरकवली. आईनं वाकून... नाही, आत्या धाकटी, म्हणून तिनंच वाकून नमस्कार केला. ओटीतले चार दाणे गालिच्यावर सांडले, ते बाबांनी वेचले.

निघायच्या दिवशी आईनं पलंगावरच्या चादरी घडी करून ठेवल्या, उशा रचल्या. खाली बाबांनी काउंटरवर रजिस्टर मागितलं. विश्रामगृहात असतं तसं, शेरा लिहायला. तिथल्या मुलीनं अभिप्रायाचा कागद दिला. बाबांनी खिशातलं शाईपेन काढून लिहिलं: "पाणीपुरवठा व स्वच्छता उत्तम. जिन्याचे काम विशेष उल्लेखनीय. मुक्कामात खोली रिकामी करण्यास सांगण्यात आले नाही." खाली सही, आणि सहीखाली हुद्दा: शाखा अभियंता (निवृत्त), पाटबंधारे विभाग, सांगली.