वर्तुळातला आकडा



जुना हाताने लिहिलेला सातबारा ज्यांनी नीट वाचला असेल त्यांना आठवेल, खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात एक आकडा असायचा. तो फेरफाराचा नंबर. (आता संगणकाच्या उताऱ्यावर तो 'फे. फा.' या रकान्यात येतो.) तो आकडा घेऊन गाव नमुना 6 उघडायचा, की हे नाव इथं वारसाने आलं, खरेदीने आलं की वाटणीने, ते कळतं. खाते क्रमांक घेऊन 8-अ काढला, की त्याच माणसाची गावातली बाकीची जमीन दिसते. तलाठ्याच्या दप्तरात असे एकूण 21 नमुने. ते सगळे एका कागदावर मांडायचा हट्ट कुणी धरला नाही, तरी एकावरून दुसऱ्यावर जाता येतं.

हे आठवलं ते नातीमुळे. ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून तिने शाळेच्या नोंदींचा प्रोग्राम केलाय. दाखल-खारीज, हजेरी, निकाल, दाखले सगळं त्यात. प्रोग्राम छान चालतो, आणि एका शाळेला तो खरोखर वापरायला द्यायचा आहे. गाडी अडली ती प्रोजेक्टच्या वहीत. आतल्या 34 टेबलांचं एकमेकांशी नातं दाखवणारी आकृती वहीत लावावी लागते. तिने ती एका ए-फोर कागदावर छापली. अक्षरं मुंग्यांएवढी, रेषांचा नुसता गुंता! सरांनी वही परत केली.

"आबा, मोठा कागद घेऊ का?" म्हणाली.

मी म्हटलं, आधी मला समजावून सांग. अशा आकृत्यांची पद्धत पीटर चेन यांनी 1976 साली मांडली, आणि त्याआधी 1970 मध्ये एडगर कॉड यांनी सगळी माहिती तक्त्यांमध्ये ठेवायचा विचार मांडला होता, हे तिच्याकडूनच कळलं. रेषेच्या टोकाला तीन फाटे असतात, त्याला म्हणे 'कावळ्याचा पाय' म्हणतात. ज्या बाजूला पाय, त्या बाजूला पुष्कळ नोंदी. एक विद्यार्थी, त्याच्या हजेऱ्या पुष्कळ. हे मला पटकन समजलं, कारण पोराचा हजेरी नंबर दरवर्षी बदलतो, पण जनरल रजिस्टरचा नंबर शाळा सुटेपर्यंत तोच राहतो आणि शेवटी दाखल्यावरही तोच येतो. बाकी सगळी रजिस्टरं त्या एका नंबराला टांगलेली. संगणकवाले त्याला 'प्रायमरी की' म्हणतात, आम्ही काहीच म्हणत नव्हतो.

मग तिला सातबारा दाखवला. एका पानावर मावत नाही तर मावू नकोस म्हटलं. रेषा जिथं तुटते तिथं पुढचा पत्ता लिही.

तिने सहा पानं केली. पहिल्या पानावर फक्त टेबलांची नावं आणि मुख्य रेषा, गावाच्या नकाशासारखं. पुढं एकेका कामाचं एकेक आडवं पान: प्रवेश, हजेरी, परीक्षा, फी, दाखले. ज्या टेबलाला सगळ्यात जास्त रेषा येतात ते मधोमध, म्हणजे रेषा एकमेकींना कमी छेदतात. 'विद्यार्थी' हे टेबल प्रत्येक पानावर हवंच, पण सविस्तर फक्त प्रवेशाच्या पानावर, बाकी ठिकाणी रिकामी चौकट आणि आत 'पान 2 पाहा'. संगणकाला आपोआप मांडायला सांगितलं तर तो मांडतो, पण मुलं बाकावर बसतात तसं, जागा दिसेल तिथं. ते हातानेच सरकवावं लागलं. रंग तिने भरपूर वापरले होते. झेरॉक्समध्ये ते सगळे राखाडी होतात, म्हणून जाड आणि तुटक रेषा घेतल्या. डाव्या बाजूला चांगला समास सोडला, नाहीतर स्पायरल बाइंडिंग निम्म्या चौकटी खातं. आणि प्रत्येक पानाखाली तारीख. तारखेशिवायचा उतारा कोण विचारतो?

सरांनी वही घेतली. पण मला जास्त उत्सुकता होती ती शाळेच्या बाबूंची. नात जूनमध्ये नोकरीला पुण्याला जाईल, नंतर हे सगळं त्यांनाच बघायचंय. बाबू संगणकाला तसे बिचकूनच असतात. पण कागद समोर आल्यावर चष्मा लावून बोट फिरवत बसले. प्रवेशाच्या पानावर बोट थांबलं.

"बाई, जन्मतारखेत दुरुस्ती झाली तर जुनी तारीख कुठं राहते?"

नात गप्प. प्रोग्राममध्ये नवी तारीख टाकली की जुनी पुसली जात होती. रजिस्टरात आपण जुनी नोंद लाल शाईने खोडतो, पण ती वाचता आली पाहिजे, आणि शेजारी आदेशाचा क्रमांक आणि सही. सातबाऱ्यावरही जुन्या नावाला कंस करायचे, पुसायचे नाहीत. जात पडताळणीसाठी लोक आजही आजोबा-पणजोबांच्या शाळेतली नोंद शोधत येतात. अशी एक नोंद पुसली गेली तर एखाद्या घरातल्या मुलाचा प्रवेश अडतो. असे लोक मी ऑफिसच्या दारात ताटकळत बसलेले पाहिलेत. प्रोग्राम दोन महिने चालवून बघितला होता, त्यात हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. कागदावर अर्ध्या तासात आलं.

तर आता 35 टेबलं झाली आहेत. नवीन टेबलाचं नाव तिने 'दुरुस्ती' ठेवलंय, त्यात जुनी नोंद, नवी नोंद, आदेश क्रमांक, तारीख. पान 1 आणि पान 2 पुन्हा छापायची आहेत. उद्या सकाळच्या एसटीने आम्ही दोघं चिखलीला जातोय.