हार्ड डिस्कच्या माहेरी

सॅन होजेला आलेले पाहुणे सहसा गोल्डन गेट पूल बघायला सॅन फ्रान्सिस्कोकडे पळतात. आम्ही मात्र यंदा घरच्या मंडळींना सॅन होजेतच ९९, नॉत्र दाम अव्हेन्यूवर नेलं. "हे काय, नुसती इमारत!" असा अभिप्राय लगेच मिळाला. खरं आहे. पण १९५२ साली आयबीएमने इथे प्रयोगशाळा थाटली आणि रेनॉल्ड जॉन्सन यांच्या चमूने घडवलेली जगातली पहिली हार्ड डिस्क १९५६ मध्ये बाहेर पडली. म्हणजे हे हार्ड डिस्कचं माहेरच की!

ते यंत्र, रॅमॅक, पाहायचं तर जवळच्या माउंटन व्ह्यूमधलं कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम गाठावं. भाकऱ्यांची चळत रचावी तशा २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, वजन टनाच्या वर, आणि मावणार किती? ५० लाख अक्षरं. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटो जेमतेम मावेल! जाणकारांनी खपून ते पुन्हा चालतं केलं आहे. तबकड्यांवरची जुनी माहितीही त्यांनी वाचून काढली.

आम्हाला याचं विशेष अप्रूप होतं, कारण त्याच सुमारास घरची डिस्क अडखळू लागली होती. आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आम्ही २००६ साली रेकॉर्ड केल्या होत्या. त्यांच्या सीडी केव्हाच वाचेनाशा झाल्या. उरली ती ही डिस्क.

आधी केबल बदलली, मग डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून पाहिली. दुखणं तेच. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला 'स्मार्ट' म्हणतात. तीत न वाचता येणाऱ्या सेक्टरांचा आकडा रोज वाढत होता. म्हणजे रोग तबकडीलाच जडलेला. अशा वेळी दुरुस्तीचे प्रोग्रॅम चालवू नयेत, आधी नक्कल काढावी. 'डीडीरेस्क्यू' हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम धडधाकट भाग आधी उतरवतो आणि हट्टी भागाकडे मागाहून वळतो. दोन रात्री तो चालू होता.

डिस्क 'टक् टक्' वाजू लागली, तर मात्र हेही करू नये. ताबडतोब बंद करून जाणकारांकडे द्यावी. रॅमॅकपुढे उभं राहिलं की कारण कळतं. तिथे वाचणारं हेड तबकडीपासून दाबाच्या हवेने दूर ठेवलेलं असे. आज ते अंतर काही नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी. घरी झाकण उघडलं, तर धुळीचा एक कण पुरे.

बावीसपैकी एकवीस ओव्या सुखरूप निघाल्या. बाविसावी मध्येच तुटली होती. ती मावशीने पुण्याहून फोनवर म्हणून पूर्ण केली. आता सगळ्या ओव्या तीन ठिकाणी ठेवल्या आहेत.