सोयगावहून सोहारला

सोयगाव सांगितले की आपल्याच जिल्ह्यातली माणसे विचारतात, हे कुठे आले? जिल्हा छत्रपती संभाजीनगर (आमच्या तोंडी अजून औरंगाबादच येते), पण गाव अजिंठ्याच्या डोंगराखाली, खानदेशाच्या अंगाला. त्यामुळे बाजारहाट, दवाखाना, सोयरीक जळगाव-पाचोऱ्याकडे आणि सरकारी कागद तेवढा घाट चढून जिल्ह्याला. बोलीतही खानदेश मिसळलेला. कापसाचा मुलूख. कवी ना. धों. महानोर यांचे पळसखेडे याच तालुक्यातले. अजिंठ्याची लेणीही आमच्याच तालुक्यात, फर्दापूरजवळ लेणापूरच्या शिवारात. जगभरची माणसे आमच्या तालुक्यात येतात हे आम्ही शाळेपासून ऐकत आलो. तालुक्यातली माणसे कुठे कुठे जातात, हे मात्र कोणी विचारत नाही.

आता आम्ही चाललो आहोत. ओमान देशात सोहार म्हणून गाव आहे, समुद्रकाठी, मोठमोठ्या कारखान्यांचे. आमच्यातला एक वाळूजला मशीनवर कामाला, दुसरी वस्तीवरच्या अंगणवाडीत मदतनीस. मुलगी सात वर्षांची, दुसरीत. मुलगा तीन वर्षांचा. कंपनीने दोन वर्षांचे काम दिले आणि विचारले, एकटे जाणार की कुटुंबासह? चौघांचा व्हिसा आणि दोन खोल्या कंपनी देणार, शाळेची फी आपली आपण. बिगारी म्हणून जाणाऱ्या आपल्या भावांना हा प्रश्न कोणी विचारतही नाही. आखातातल्या बहुतेक देशांत अमुक इतका पगार असेल तरच बायको-मुले नेता येतात. आम्हाला विचारले गेले हेच मोठे. पण झोप उडाली ती त्यामुळेच.

एकट्याने गेले तर पैसा शिल्लक पडतो. सगळे गेले तर अंगणवाडीची नोकरी सुटते, मुलीची मराठी शाळा सुटते, आणि सोयगावात आई एकटी राहते.

आईला विचारले. आई म्हणाली, "आम्ही कोयता घेऊन निघायचो, तवा काय सल्ला घेतला होता का कोणाचा? भांडी, शेळी आन लेकरं, सगळं एकाच गाडीत." दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडायला आमचे घर ऊसतोडीला जायचे. पाचटाची कोपी, पहाटेची थंडी. आमच्यातल्या एकाचे तिसरीचे अख्खे वर्ष त्या कोपीत गेले. फडात वाढे गोळा करायची आणि धाकटीला सांभाळायचे, हीच शाळा. परत आल्यावर गुरुजींनी पुन्हा तिसरीतच बसवले. आई ते विसरलेली नाही. थोड्या वेळाने आपणहून म्हणाली, "बरोबर नेलेलं लेकरू डोळ्यापुढं तरी राहतं. पण शाळा बुडाली ती बुडालीच." म्हणजे निकाल काही दिला नाही.

दरम्यान कागद सुरू झाले. ज्यांच्या घरात असा प्रसंग येईल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून ठेवतो. आमचे लग्न विहारात लागले. फोटो होते, नोंदणी नव्हती. ती इतक्या वर्षांनी साक्षीदार गोळा करून करावी लागली. लेकरांच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव एका स्पेलिंगचे, आधारवर दुसऱ्या. ते दुरुस्त करण्यात चार महिने आणि बरीच मजुरी बुडाली. पंधरा वर्षांखालच्या लेकराचा पासपोर्ट पाचच वर्षांचा निघतो आणि त्याला आई-बाप दोघांची संमती लागते. दहावी पास असल्याचा कागद जपून ठेवा. त्याच्यावरून आखातात कामाला जाताना सरकारी परवानगीचा एक मोठा फेरा वाचतो. एका कचेरीत आम्हाला "तुम्ही लोक कशाला एवढ्या लांब जाता?" असेही ऐकावे लागले. उत्तर दिले नाही, पावती घेतली.

निघण्याआधी लेकरांना लेणी दाखवायची म्हणून एका रविवारी सोयगावहून एस.टी.ने फर्दापूरला गेलो. तिथे गाड्या थांबतात आणि पुढे लेण्यांच्या बसने जायचे. सोमवारी लेणी बंद असतात, हे ध्यानात ठेवावे. खाली वाघूर नदी, तिच्या वळणावर घोड्याच्या नालासारखा कडा आणि कड्यात तीस लेणी. दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ साली आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली आहे. आपली पोरे भिंतीवर नाव लिहितात तेव्हा आपण रागावतो.

सतराव्या लेण्यात आम्ही बराच वेळ थांबलो. भिक्षापात्र हाती घेतलेले तथागत कपिलवस्तूला आले आहेत आणि यशोधरा राहुलला पुढे करते आहे. तथागत खूप उंच, मायलेक दाराशी अगदी लहान. मुलीने विचारले, "त्याचे बाबा किती दिवसांनी आले?" सात वर्षांनी, असे सांगितले. तिने हिशेब केला, "म्हणजे माझ्याएवढा झाला होता. मग त्याने ओळखलं कसं?" मागून लोक येत होते, पुढे सरकावे लागले.

तिथून वरच्या अजिंठा गावात गेलो. हे गाव घाट चढून, सिल्लोड तालुक्यात. मेजर रॉबर्ट गिल तिथल्या बारादरीत राहत होता. लेण्यांची गोष्ट सांगणारा प्रत्येक जण गिलची गोष्ट सांगतो. आम्ही मात्र ती या वेळी निराळ्या कानांनी ऐकली. हाही कामावर पाठवलेला माणूस. जेम्स फर्ग्युसनने लेण्यांतली चित्रे नष्ट होत असल्याचे विलायतेत मांडले, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली मद्रासच्या फौजेतल्या या गिलला चित्रांच्या नकला करायला नेमले. लग्न होऊन तीन वर्षे झालेली, मुले अगदी लहान. आला कामापुरता आणि उरलेले आयुष्य याच भागात गेले. बायको फ्रान्सिस पुढे मुलांना घेऊन इंग्लंडला राहिली. गिल इथे अंधारात मोठमोठ्या कापडांवर नकला करत राहिला. त्यांतल्या बहुतेक लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या होत्या. १८६६च्या आगीत त्या जळाल्या. हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या वाचल्या.

गावात पारोची कबर आहे. २३ मे १८५६ रोजी ती पटकीने गेली, असे त्या दगडावर गिलने लिहून ठेवले आहे. महानोरांनी त्या दोघांवर 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिले. लोक तिथे प्रेमकहाणी म्हणून येतात. आम्हाला वाटले, त्या बाईचे म्हणणे कुठेच नाही. तिच्याबद्दल एवढे जे खात्रीने कळते तेही त्यानेच इंग्रजीत लिहिलेले, तिला वाचता न येणारे.

आणि फ्रान्सिसच्या पोरांचे काय झाले? एकाचे माहीत आहे. विल्यम, १८४३ साली बंगळूरला जन्मलेला. इंग्लंडला शिकला, फौजेत कप्तान झाला, चीनमधून तिबेटच्या कडेकडेने ब्रह्मदेशापर्यंत फिरला, त्यावर पुस्तक लिहिले. १८८२ साली सिनाईच्या वाळवंटात मारला गेला, चाळिशीच्या आत. बाप त्याआधीच, १८७९ साली गेला होता. त्याची कबर भुसावळला आहे. पोरगा जगभर हिंडला. बापाजवळ त्याला किती दिवस मिळाले असतील?

घाट उतरताना आमचे बोलणे दुसऱ्याच घरावर आले. १९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले तेव्हा यशवंत तान्हा होता. १९२० साली पुन्हा लंडनला गेले. इकडे परळच्या चाळीत रमाईने काय काढले ते आपल्या घराघरात सांगितले जाते. ते सांगताना आपण रमाईचा त्याग म्हणतो आणि हात जोडतो. पण आपल्याच घरातल्या बाईला तसेच करायला सांगायची वेळ येते तेव्हा तो शब्द तोंडातून निघत नाही. बाबासाहेबांपुढे दुसरा रस्ता नव्हता, पैसाही नव्हता. आमच्यापुढे चौघांचा व्हिसा होता.

रात्री आईच्या घरी ठरवले, चौघे जायचे. सोहारला भारतीय शाळा आहे, सीबीएसईची. वर्ग इंग्रजी, सुट्टी शुक्रवार-शनिवार. मुलीचे पहिले वर्ष जड जाईल हे आम्हाला ठाऊक आहे. फी भरल्यावर शिल्लक फार पडणार नाही, घराचे वरचे बांधकाम दोन वर्षे तसेच राहील. अंगणवाडीतला राजीनामा लिहिताना हात थांबला होता, हेही लपवत नाही. अकरा वर्षांची नोकरी होती, मानधन थोडे, पण स्वतःचे.

आईला बरोबर येतेस का म्हणून विचारले. म्हणाली, "माझा पासपोर्ट काढायला माझा जन्म कुठं लिवलाय ते आधी शोधा." बहिणीने तिच्याजवळ राहायचे कबूल केले आहे. तिचा मुलगा आजीला मोबाईलवर चेहरा बघून बोलायचे शिकवतो आहे. आई अजून फोन कानालाच लावते आणि आम्हाला पडद्यावर फक्त तिचा कान दिसतो.

शाळेत दाखला काढायला गेलो तेव्हा बाईंनी तिसरीची बालभारती आपल्याकडची काढून दिली. "रोज एक पान वाचून घ्या," म्हणाल्या. ती बॅगेत सगळ्यात वर ठेवली आहे. तिच्याखाली कळण्याचे पीठ, दोन किलो. विमानतळावर ते काढायला लावले तर पीठ जाईल, पुस्तक राहील, असे मुलीने आधीच बजावून ठेवले आहे.