हरमलच्या किनाऱ्यावर थंडीचा धडा

गेल्या डिसेंबरात आम्ही बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरलो. डिचोलीला मावसबहिणीकडे मुक्काम केला. पहाटे मये तळ्याकडे धुके होते. ‘भाळ थंडी ऐती,’ म्हणत सौभाग्यवतींनी शाल गुंडाळली. पारा फार तर वीसच्या आसपास असेल!

माझ्या डोक्यात मात्र वेगळीच थंडी होती. पुतण्या कॅनडात कॅलगरीला नोकरीला आहे. भाडे परवडत नाही, म्हणून मोटारीला जोडून ओढायचे जुने फिरते घर घेऊन त्यातच राहायचे त्याच्या मनात. तिथे हिवाळ्यात पारा कधी कधी उणे तीसपर्यंत जातो. वहिनींची झोप उडालेली. “भावजी, तुम्ही शिकलेले, तुम्हीच त्याला सांगा.” मी शिकवतो इतिहास!

दुसऱ्या दिवशी अस्नोडा, कोलवाळचा पूल करत पेडणे तालुक्यात हरमलला पोचलो. तिथे माडाखाली परदेशी क्रमांकाची व्हॅन उभी होती. आत चूल, पलंग, सगळा संसार. मालक साठीतले जर्मन दांपत्य. मी धीर करून विचारले, तर आजोबांनी व्हॅनचे तळघरच उघडून दाखवले.

पाण्याची टाकी आणि नळ्या उबेच्या आत हव्यात, म्हणाले. खाली उघड्यावर असतील तर पहिल्याच रात्री गोठून फुटतात. भिंतींइतकाच तळही जाड हवा, काचा दुहेरी हव्यात. गॅसचे तर मला नवलच वाटले. आपल्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. शून्याच्या खाली ब्युटेनचा वायूच होत नाही, म्हणजे सिलिंडर भरलेला आणि चूल विझलेली. प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत साथ देते.

आजींना मात्र थंडीपेक्षा ओलीची काळजी. श्वासाची, भाताची वाफ गार काचेवर पाणी होऊन ओघळते आणि गादीखाली बुरशी धरते. हे ऐकून मला डिचोलीतल्या पावसाळ्यातल्या भिंती आठवल्या. म्हणून कितीही थंडी असो, हवेची फट उघडीच ठेवायची. बंद घरात शेगडी पेटवून झोपले तर कार्बन मोनॉक्साइडने माणूस उठतच नाही. त्याची सूचना देणारी घंटा आधी बसवायची, चूल नंतर. आजोबांनी हे दोनदा सांगितले.

विकत घेण्याआधी, ते म्हणाले, पोराने तसेच घर भाड्याने घेऊन ऐन थंडीत दोन रात्री काढाव्यात. आणि हिवाळाभर उभे राहू देणारी, विजेची सोय असलेली जागा आधी शोधावी. पुष्कळ तळ हिवाळ्यात बंद असतात.

गंमत म्हणजे ती एवढी जाड व्हॅन हरमलच्या दुपारी भट्टी झाली होती. दोघे बाहेर माडाखालीच बसलेले.

संध्याकाळी वहिनींना फोनवर सगळे टिपण वाचून दाखवले. त्या बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, “ती घंटा इथून पाठवता येईल का हो, भावजी?”