फाशीचा दोर कुणाच्या गळ्यात?

आपल्या माणसांवर अत्याचार झाला की मोर्चात पहिली घोषणा उठते, "आरोपींना फाशी द्या!" त्या घोषणेमागचा संताप आम्हाला परका नाही. असे कित्येक मोर्चे आम्ही चाललो आहोत. तरीही फाशी नको, असे आमचे ठाम मत आहे.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप सुनावली. पण ॲट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांची जन्मठेप दिली. हत्येमागे सूड होता, जात नव्हती, असेच तेव्हाही ठरले. चर्चा मात्र फाशीभोवती फिरत राहिली. सहा जणांना फाशी सुनावली गेली त्या दिवशीसुद्धा जात निर्दोषच सुटली होती!

आता दुसरा खटला पाहा. २००३ च्या नाशिक जिल्ह्यातील खून-बलात्कार प्रकरणात भटक्या जमातीतील सहा जण पकडले गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठरवली. त्यांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. पुढे ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडील फोटोंतून भलतेच चौघे ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नव्हता. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. मधल्या काळात दोर ओढला गेला असता, तर ते पाच लाख कुणाच्या हातात ठेवले असते?

हे योगायोगाने घडत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या २०१६ च्या अहवालानुसार फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांपैकी सुमारे ७४ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. ज्याला चांगला वकील परवडत नाही, त्याच्या गळ्यापर्यंत दोर लवकर पोहोचतो. खोट्या साक्षीमुळे निरपराध दलित-आदिवासी फासावर जाऊ शकतो, हे तर ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(२) नेच गृहीत धरले आहे.

बाबासाहेबांची भूमिका स्पष्ट होती. ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फाशीविरुद्धच्या अपिलाची चर्चा चालू असताना त्यांनी देहदंडच रद्द करणे पसंत असल्याचे सांगितले आणि त्याला अहिंसेचा आधार दिला. कुणी म्हणेल, बाबासाहेबांची अहिंसा भाबडी नव्हती. बरोबर आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. मग त्याच कसोटीवर विचारू या: गजाआड असलेल्या, हात बांधलेल्या माणसाला मारण्याची कोणती गरज उरते? उरते ती फक्त इच्छा.

मित्रांनो, म्हणून आपली घोषणा अधिक कठीण असायला हवी. पहिल्याच दिवशी ॲट्रॉसिटीची कलमे लावा. उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडूनच तपास करा. कलम १५अ प्रमाणे पीडित व साक्षीदारांना संरक्षण द्या. विशेष न्यायालयात खटला मुदतीत संपवा. हत्येमागे जात असेल, तर निकालपत्रात तसे लिहा. व्यवस्थेला एक माणूस लटकवणे सोपे जाते; या मागण्या पुऱ्या करणे तिला जड जाते. आपण तेच मागू.

जयभीम!