इरकलाचे साल

भालकीच्या आमच्या घरात, सागवानी पेटीच्या तळाशी, आजीचे एक डाळिंबी इरकल असे, आणि त्याला साल होते. रझाकारांच्या धामधुमीत मुलूख सोडून सोलापुरास आश्रयाला गेलेले आमचे कुटुंब १९४८ च्या सप्टेंबरातील पोलीस ॲक्शननंतर परत निघाले, तेव्हा आजोबांनी तिथल्या पेठेत ते घेतले. म्हणून कोणाच्या जन्माचा दाखला संशयास्पद ठरला, तर 'इरकलाच्या आधीचा की नंतरचा?' एवढ्या सवालावर घरात निकाल लागे.

त्याचा लाल रेशमी पदर अंगाला शिवलेला नव्हे. पदराच्या ताण्याचे फास अंगाच्या सुती ताण्याच्या फासांत अडकवून विणकराने तो जोडलेला, म्हणजे टोपपदर, आणि माझे बोट धरून आजी तो सांधा चाचपायला लावी, तेव्हा राळ्याच्या दाण्यांची बारीक ओळ बोटाखालून सरकावी तसे वाटे. काठ गोमीचा. मागाहून निघालेला गायत्री काठ पाहून ती नाक मुरडी आणि म्हणे, "ही फ्याशन हो, लेकरा!"

पुढे शिक्षणानिमित्त गुलबर्ग्यास असता वेशभूषेच्या इतिहासाचा एक जाडजूड संदर्भग्रंथ हाती आला. त्यात ख्रिश्चन दिऑरने १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसात दाखविलेल्या घेरदार झग्यांची हकीकत तारीखवार दिली होती, आणि अखेरच्या प्रकरणात नऊवारी नेसलेल्या एका बाईच्या चित्राखाली 'भारतीय पारंपरिक वेश' एवढीच नोंद होती. तिला ना जिल्हा, ना विणकराचे गाव, ना साल. वास्तविक त्या झग्यांत आणि आमच्या इरकलात पावणेदोन वर्षांचेदेखील अंतर नव्हते! फ्रांस्वा बूशे यांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथाच्या नावातच 'पाश्चात्त्य' हा शब्द घालून निदान सरहद्द प्रामाणिकपणे आखली. जेम्स लेव्हर यांचा १९६९ चा संक्षिप्त इतिहास नावाने साऱ्या वेशभूषेचा, परंतु प्राचीन काळ सरला की युरोपाबाहेर क्वचितच पाऊल टाकणारा. मालवणच्या गो. स. घुर्ये यांचे 'इंडियन कॉस्च्युम' १९५१ सालीच मुंबईत, तेही इंग्रजीत, प्रसिद्ध झाले होते, तेव्हा साधनांच्या अभावाची सबब मला तरी मंजूर नाही.

आजी गेल्यावर इरकलाची वाकळ झाली. चिंध्या बेतताना आईने टोपपदराच्या सांध्याला कात्री लागू दिली नाही, आणि तो नेमका पायथ्याशी आल्यामुळे पौषातल्या थंडीत पाय ताणले की अंगठ्याला राळ्याची ती ओळ अद्याप लागते.