वालधुनीकाठचा कालप्रवास

टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग गेममध्ये गोष्ट कोणा एकाची नसते. गेम मास्टर जग आणि प्रसंग मांडतो, खेळाडू आपापल्या पात्राच्या तोंडून निर्णय घेतात आणि तो निर्णय साधला की फसला हे फासा सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आणला, तेव्हापासून हा साचा फारसा बदललेला नाही. कालप्रवासाचे कथानक मात्र त्याला नेमके अडचणीत आणते. भुयारात उतरलेल्या पात्रांना भिंती अडवतात. काळात उतरलेल्यांना काय अडवणार? पहिल्या तासाभरातच कोणीतरी म्हणते, ‘कालच्या दिवसात परत जाऊ आणि हे सगळे टाळू’, आणि गेम मास्टरची सारी तयारी तिथेच गुंडाळली जाते.

म्हणून प्रसंगांच्या आधी काळाचा कायदा ठरवावा लागतो. घडलेले बदलत नाही, हा एक कायदा. घडलेले बदलते आणि परतलेल्याला वर्तमान वेगळे दिसते, हा दुसरा. प्रत्येक बदलातून निराळे जग फुटते, हा तिसरा. मराठी वाचकाला यातले काही नवे नाही. भागवतातला ककुद्मी राजा रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी जातो, गाणे संपेपर्यंत थांबतो आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटतात. तो काहीही बदलू शकत नाही. मुलीसाठी मनात धरलेली सगळी स्थळे मात्र काळाआड गेलेली असतात. तिसऱ्या कायद्याचे उत्तम उदाहरण जयंत नारळीकरांनी दिले. त्यांच्या कथेतले इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत पानिपत मराठ्यांनी जिंकलेल्या जगात जाऊन पडतात, कारण तिथे विश्वासरावांना गोळी चाटून जाते. त्या जगातली जिजामाता एक्स्प्रेस लोणावळा, कर्जत करत कल्याणमधून धडधडत निघून जाते. म्हणजे बदलापूर आणि अंबरनाथ तिच्या वाटेवरच येतात. फाळणीच्या निर्वासितांमुळे वसलेले उल्हासनगर मात्र त्या जगात वसण्याचे काही कारणच उरत नाही. ती गोळी चुकली तर फाळणीपर्यंतची सगळी साखळी तुटते आणि फाळणी नाही म्हटल्यावर तिथे निर्वासित येणार कुठून?

बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या तीन गावांच्या पट्ट्यात कथानक रचायचे तर पहिला, न बदलणाऱ्या काळाचा कायदा सर्वांत फलदायी ठरतो. तो जाचक वाटतो खरा. पण जे नोंदलेले आहे तेवढेच पक्के असते, आणि इथली नोंद भलतीच विरळ आहे. नोंदींच्या मधल्या मोकळ्या जागेत पात्रांना हवे ते करता येते.

वालधुनी नदीच्या काठचे अंबरनाथचे शिवमंदिर याचा नमुना आहे. शिलालेखाप्रमाणे त्याचे साल शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, आणि राजा शिलाहारांचा मुम्मुणी ऊर्फ माम्वाणी. काम त्याच्या थोरल्या भावाने, छित्तराजाने, सुरू केले असे मानतात. गाभारा मंडपापासून सुमारे वीस पायऱ्या खाली आहे आणि त्यावर शिखर नाही. वर पाहिले की आभाळ दिसते. शिखर पुरे झालेच नाही की पुढे ढासळले, याचे उत्तर शिलालेखात नाही. लोककथा सांगते की पांडवांनी एका रात्रीत देऊळ उभारले, उजाडले आणि वरचे काम राहून गेले.

चांगला रचनाकार इथे शिखराला हात लावत नाही. तो लोककथेला हात घालतो. पात्रे रात्री देवळात उतरली, त्यांच्या हातातले विजेरीचे झोत दगडांवर फिरले आणि पहाटेपूर्वी ती नाहीशी झाली, तर पलीकडच्या वस्तीत दुसऱ्या दिवशी काय बोलले जाईल? पांडवांची गोष्ट खेळाडूंनीच जन्माला घातली, हे त्यांना खेळ संपताना कळावे. इतिहासाचे एक अक्षर बदलत नाही, तरी त्यांचा हात त्यात राहतो.

या शिलालेखात एक तयार सापळाही आहे. एकोणिसाव्या शतकात त्यातले साल आधी शके ७८२ असे वाचले गेले. पुढे अभ्यासकांनी ते ९८२ असल्याचे दाखवले. जुन्या वाचनावर विसंबून निघालेली पात्रे इसवी सन ८६० मध्ये पोचतील. तिथे राष्ट्रकूट अमोघवर्षाचे राज्य, शिलाहार त्याचे मांडलिक, आणि देवळाच्या जागी कदाचित नुसते रान. शक आणि इसवी सन यांतला ७८ वर्षांचा फरक विसरून कालयंत्रावर ९८२ टिपणारा खेळाडू वेगळाच फसेल. भाषेची अडचणही खरी असावी: अकराव्या शतकातल्या पाथरवटाला आजची मराठी कितपत कळेल, हे फाशावर सोडावे.

उल्हासनगरचा काळ जवळचा, म्हणून अवघड. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली, तिच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या शहराची कोनशिला बसली. कॅम्प एक ते पाच हे पत्ते आजही चालतात. त्याच जमिनीवर १९४४ मध्ये सैनिक आणि १९४८ मध्ये आपले सगळे मागे टाकून आलेली कुटुंबे, हा विरोध नाटककारालाही मोहात पाडेल. पण टेबलाशी बसलेल्या कोणाची आजी त्याच बराकीत राहिलेली असू शकते. निर्वासितांची गर्दी पात्रांच्या शौर्याची पार्श्वभूमी म्हणून वापरणे हे वाईट रचनेचे लक्षण आहे. इथली कामगिरी लहान हवी: हरवलेला निरोप योग्य कॅम्पात पोचवणे, एका पेटीचा मालक शोधणे. जॉन स्टाव्रोपौलोस यांनी सुचवलेले एक्स-कार्ड, म्हणजे नकोसा प्रसंग कारण न विचारता थांबवण्याची खूण, या भागात टेबलावर असलेच पाहिजे.

बदलापूरला नदी आणि रेल्वे पुरेशा आहेत. कल्याणहून बदलापूरच्या दिशेने जाणारा लोहमार्ग १८५६ मध्ये सुरू झाला. २७ जुलै २०१९ रोजी त्याच मार्गावर, बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान, उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढले गेले. सगळे सुखरूप सुटले, हे खेळाडूंना आधीच ठाऊक असते. तणाव निकालातून निर्माण होत नाही, म्हणून तो वेळेत शोधावा लागतो: गाडीत राहिलेली वस्तू बोटी येण्यापूर्वी मिळवायची आणि कोणाच्या नजरेत भरायचे नाही.

नियमांत फार भर घालू नये. एक जास्तीचा आकडा पुरतो. त्याला ‘माग’ म्हणता येईल. पात्राने परक्या काळात वस्तू सोडली, नाव सांगितले, पुढचे भाकीत केले की माग एकाने वाढतो. अंबरनाथमध्ये १९२०च्या दशकात विमकोचा आगपेट्यांचा कारखाना आला. तिथली एक काडेपेटी १०६० मध्ये विसरली तर माग थेट तीनने वाढावा. माग पाचावर गेला की फासा टाकायचा आणि कोणती दंतकथा जन्मली ते गेम मास्टरने सांगायचे. शिक्षेपेक्षा हा परिणाम खेळाडूंना जास्त आवडतो, आणि ते मुद्दाम काड्या सांडू लागले तर समजावे की कथानक जमले.

एका संध्याकाळी तीन काळ पुरे होतात. चौथा घातला की शेवट घाईत उरकावा लागतो. तयारीसाठी ग्रंथालयापेक्षा अंबरनाथ स्टेशनवर उतरून देवळापर्यंत चालत जाणे अधिक उपयोगी. गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरताना उजेड कुठे कमी होतो, बाहेरच्या भिंतीवर हात कुठवर पोचतो आणि वालधुनीला आज कसला वास येतो, हे गेम मास्टरने स्वतः टिपून आणावे.